चाळीसपैकी छत्तीस

मुख्याध्यापकांनी कागद टेबलावरून तिच्याकडे सरकवला, पेनाचं टोपण काढून पेन त्यावर आडवं ठेवलं आणि म्हणाले, "बाई, फक्त सही." मधली सुट्टी नुकतीच संपली होती. व्हरांड्यातून मुलांचे पाय धडधडत वर्गांकडे चालले होते. तिला वाटलं, रजेचा अर्ज मंजूर होऊन आला असेल. चष्मा न लावताच तिने पेन उचललं, मग सवयीने चष्मा लावला. कागदावर चौसष्ट नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा. संगणकशास्त्र, प्रात्यक्षिक परीक्षा, एकूण गुण चाळीस. चौतीस, छत्तीस, पस्तीस, अडतीस. कारकुनाचं टपोरं, स्वच्छ अक्षर. हजेरी घेतल्यासारखं ती बोट खाली खाली नेत राहिली आणि सदतिसाव्या ओळीवर बोट अडलं. ही मुलगी सहामाहीनंतर शाळा सोडून गेली होती. आई आजारी पडली म्हणून सगळं बिऱ्हाडच मामाच्या गावी हललं होतं. जायच्या दिवशी ती वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "बाई, तिकडच्या शाळेत कॉम्प्युटर चालू असतील ना?" तिला चाळीसपैकी छत्तीस.

"सर, ही मुलगी आता आपल्या शाळेत नाही."

"कोण?"

"सदतीस नंबर."

"असं होय. ते ऑफिसात दुरुस्त करतील. तुम्ही खाली सही करा."

"आणि बाकीच्यांचं प्रात्यक्षिक कधी झालं?"

मुख्याध्यापकांनी फोन पालथा ठेवला. निवृत्तीला चार वर्षं उरलेल्या शिक्षकांकडे ते ज्या नजरेने बघायचे, त्या नजरेने त्यांनी तिच्याकडे बघितलं. आता ह्यांना काय झालं, अशी. "बाई, मंगळवारी यादी बोर्डात पोचली पाहिजे. आज गुरुवार. सगळीकडे असंच चाललंय. आपली मुलं मागे का राहावीत?"

"घरी नेऊन बघते," ती म्हणाली. त्यात बघण्यासारखं काय आहे, असं ते म्हणाले बहुतेक. तोवर कागद तिच्या पर्समध्ये गेला होता.

शेवटचा तास तिने कसा घेतला ते तिला आठवेना. शाळा सुटल्यावर ती बसच्या थांब्याशी गेली, बस आली, दार उघडलं, आणि ती तिथेच उभी राहिली. चढावंसंच वाटेना. मग ती चालायला लागली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ते तिला नेहमी बोलण्यापुरतं वाटायचं. आज रस्त्याच्या कडेने चालताना पायापासून खरंच काहीतरी वर सरकत होतं, गुडघ्यात, पोटात, कानशिलांपर्यंत, आणि ते कुणावर काढावं हेच कळत नव्हतं. गेल्या वर्षी नियम आला. संगणकशास्त्रात पास झाल्याशिवाय शाळा पूर्ण केल्याचा दाखला नाही. बाकी विषयांत पैकीच्या पैकी असले तरी नाही. लेखी साठ, प्रात्यक्षिक चाळीस, दोन्हींत वेगवेगळं पास व्हायला हवं. नवा विषय बसवायला जागा हवी म्हणून भूगोल ऐच्छिक झाला, आणि तिचे तास वाळूसारखे गळून गेले. तीस वर्षं जिला सगळे भूगोलाच्या बाई म्हणत होते, तिला मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं, तुमचे तास रिकामे आहेत, तुम्हीच घ्या आता हे. दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं. एक तरुण शिक्षक भिंतीवर चित्रं दाखवत होता आणि मागच्या रांगेत लोक पेंगत होते. ती पेंगली नाही. तिने दोन वह्या भरल्या. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र घेताना तिला इतका आनंद झाला की तिचं तिलाच हसू आलं. चोपन्नाव्या वर्षी. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

शाळेत वीस मशिनं आली. फीत कापली गेली, फोटो निघाला, फोटो व्हरांड्यात लागला. आठवड्याभरात एक माउस हरवला आणि खोलीला कुलूप लागलं. किल्ली मुख्याध्यापकांच्या खणात. तपासणीला येतील तेव्हा सगळं जागेवर दिसलं पाहिजे, वायरिंगला एवढा भार झेपत नाही, मुलं कळा उपटतात; कारणांना तोटा नव्हता. वर्षभरात तिच्या वाट्याला ती खोली दोनदा आली, दोन्ही वेळा पाऊण तास, आणि त्यातली पंधरा मिनिटं मुलांना चपला काढायला लावण्यात गेली. बाकी सगळं फळ्यावर. पटांगणात तिने मुलांना रांगेत उभं केलं, शेजारच्याशी उंची ताडून बघा, तुम्ही उंच असाल तर जागा बदला, असं करत करत सगळी रांग उंचीप्रमाणे लागेपर्यंत. मुलांना मजा आली. तेच तिने फळ्यावर लिहिलं, वहीत उतरवून घेतलं, पाठ करून घेतलं. मुलं त्याला खडूचा कॉम्प्युटर म्हणायची. हे तिच्या कानावर आलं तेव्हा तिला राग आला नाही, उलट थोडा अभिमानच वाटला. मशीन नाही तर नाही, आपण शिकवतो आहोत ना. आता चालताना तो अभिमान तिला दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागला. कारण हे तिला नवीन नव्हतं. मशिनाशिवाय मशीन शिकणं तिला चांगलंच ठाऊक होतं.

तिचे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाची एकेक उलटी अक्षरं खणातून उचलायची, हातातल्या पट्टीत मांडायची, ओळ कसायची. सुट्टीच्या दिवशी ते तिला बरोबर नेत आणि छापून झालेले खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचं काम तिच्याकडे येई. नऊ-दहा वर्षांची असेल. खण न बघता हात बरोबर खणावर जायचा. काळी बोटं, शाईचा नि रॉकेलचा वास, आणि मुठीतले खिळे एकेक करत संपत जाण्याचं ते विलक्षण सुख. धाकट्या भावाला नेलं की तो खिळे खिशात भरायचा. मग छापखान्यात कॉम्प्युटर आले. नऊ माणसांचं काम दोन पोरं दुपारपर्यंत उरकायला लागली. एके दिवशी वडील भर दुपारी घरी आले, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला त्यांचा अॅप्रन होता. पंधरा दिवस ते कुणाशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी छापखान्याने हातात ठेवलेले पैसे घेऊन ते धाकट्याला कॉम्प्युटरच्या क्लासात घालून आले. "हे आपल्या घरावर आलंय ना, मग घरातल्या एकानं तरी त्याच्या उरावर बसायला शिकलं पाहिजे," ते आईला म्हणाले होते. ती तेव्हा शेवटच्या वर्षाला होती, गणितात शाळेत पहिली. ती स्वयंपाकघरात उभी होती आणि तिने हे ऐकलं, आणि तिला एवढंच वाटलं की बरोबर आहे, एकानं तरी. तो एक आपण असू शकतो हा विचार तिच्या डोक्यात यायला आणखी चार-पाच महिने लागले. तोवर धाकटा क्लासातून वह्या आणायला लागला होता. त्याला काही म्हणता काही सुधरत नव्हतं. "ताई, हे बघ गं जरा." ती ओट्याशी पाणी उकळायची वाट बघत उभी राहून वाचायची. संख्यांचा क्रम लावण्याचं उदाहरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती मोठ्याने हसली होती. हे तर खिळे खणात टाकणं. तिने ते सोडवलं. पुढचंही सोडवलं. दोन वर्षं सोडवत राहिली. ज्या वस्तूसाठी हे सगळं होतं ती वस्तू तिने एकदाही बघितली नव्हती. धाकट्याला क्लासात बक्षीस मिळालं. आता तो लांबच्या शहरात मोठ्या कंपनीत होता, दर रविवारी संध्याकाळी फोन करायचा, आणि वडील तिच्याकडे राहत होते.

घरी पोचली तेव्हा वडील खिडकीशी बसले होते. वय ब्याऐंशी. कान गेले होते, डोळे शाबूत. ती दोन घास खाऊन टेबलाशी बसली आणि तिने कागद पसरला. त्यांनी न विचारता तो पुढे ओढला. छापलेलं किंवा लिहिलेलं काहीही समोर आलं की त्यातली चूक शोधायची, ही खोड नोकरी गेली तरी गेली नव्हती.

"मुलांचे गुण?" त्यांनी विचारलं.

"हो."

ते बराच वेळ बघत राहिले. मग अंगठ्याच्या नखाने एकेका ओळीशी खूण केल्यासारखं केलं. "हे आठाआठाला परत येतंय," ते म्हणाले.

"काय?"

"चौतीस, छत्तीस, पस्तीस, अडतीस, छत्तीस, सदतीस, चौतीस, पस्तीस. मग पुन्हा चौतीस. खालपर्यंत तेच."

तिने बघितलं. खरंच होतं. आठ आकड्यांची एक साखळी, आठ वेळा. तिला हसू फुटलं, आणि ते हसू तिला आवडलं नाही. वर्षभरात त्या शाळेत चाललेला हा एकुलता एक प्रोग्राम, आणि तो कारकुनाने लिहिला होता. सदतिसाव्या मुलीला छत्तीस का मिळाले तेही आता कळलं. ती असती तरी छत्तीसच मिळाले असते, नसती तरी छत्तीसच.

हसू ओसरलं तशी ती बोलून गेली. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते अगदी मीठ मागितल्यासारखं तोंडातून बाहेर पडलं. "बाबा, मला का नाही पाठवलंत क्लासला?"

त्यांना ऐकू आलं नाही असं तिला वाटलं. तसं असतं तर बरं झालं असतं. पण ते कागदाची घडी घालत म्हणाले, "तुला येतच होतं की."

"म्हणजे?"

"त्याला येत नव्हतं. ज्याला येत नाही त्याला घालायचं ना शिकायला." घडी त्यांनी नखाने दाबून सरळ केली. "त्या वह्यांतलं अक्षर तुझं होतं. मला काय अक्षर कळत नाही?"

ती उठून मोरीत गेली आणि भांडी घासायला लागली. तिला वाटत आलं होतं की ते तिचं आणि धाकट्याचं गुपित आहे. आणि गुपित असल्यामुळेच ते सोसता येत होतं. वडलांना माहीत असतं तर त्यांनी नक्कीच काहीतरी केलं असतं, या एका समजुतीवर तिने तीस-पस्तीस वर्षं काढली होती. त्यांना माहीत होतं. बक्षिसाच्या दिवशी टाळ्या वाजवताना माहीत होतं. आपल्या मुलीला येतंय हे बघून त्यांना अभिमानही वाटला असेल, आणि त्या अभिमानापोटीच त्यांनी तिला ओट्याशी उभं ठेवलं असेल. तिने पातेलं इतकं घासलं की बोटं हुळहुळायला लागली. बाहेर वडील कुठला तरी जुना कागद वाचत होते. त्यांना काही झालंच नव्हतं. सक्तीचा तो नियम तेव्हा असता तर. तिला एकदम तो नियम, ज्याच्यापायी तिचा भूगोल गेला, हाडामांसाच्या माणसासारखा जवळचा वाटला. सगळ्यांना, म्हणजे सगळ्यांना. घरातल्या एकाला नाही. बापाला निवड करायला जागाच ठेवायची नाही. याच्यासाठी कुणीतरी कुठेतरी भांडलं असणार, कागद रंगवले असणार, मुलींची नावं डोळ्यांपुढे आणली असणार. आणि इथे एक कारकून आठ आकड्यांत त्याची वासलात लावून जेवायला गेला होता.

शुक्रवारी ती प्रार्थनेआधीच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. ते टेबल पुसून घेत होते. शिपाई फडकं घेऊन बाहेर जाईपर्यंत ती थांबली.

"सर, किल्ली द्या."

"कसली?"

"कॉम्प्युटरच्या खोलीची. आज, उद्या, परवा मुलांचा सराव घेते. सोमवारी प्रात्यक्षिक. मंगळवारी यादी तुमच्या हातात."

"परवा रविवार आहे."

"मी येईन. मुलंही येतील."

ते बसले. तिला बसा म्हणाले नाहीत, तरी ती बसली. "बाई, एक विचारू? तुम्हाला कुणावर राग काढायचाय? माझ्यावर काढा. खरी परीक्षा घेतलीत तर चौसष्टातली निम्मी पोरं गळतील. त्यांचा दाखला अडकेल. ज्यांनी वर्षभर मशिनाला हात लावलेला नाही त्यांना तुम्ही तीन दिवसांत काय शिकवणार? आणि त्यांना हात लावू दिला नाही तो कुणी, मी. मला ठाऊक आहे. म्हणून तर हे गुण देतोय. माझी चूक पोरांनी का भरायची?"

रात्री तिने हजार उत्तरं जुळवली होती, पण हा माणूस आपली चूक अशी सरळ टेबलावर ठेवेल हे तिने धरलं नव्हतं. आणि त्यामुळे तिला त्याचा आणखीच संताप आला. चूक कबूल केली की मोकळे. कबूल करणं किती सोपं, वडलांसारखं, घडी घालता घालता. "सर," ती म्हणाली, "वर्षभर हात लावू दिला नाही ही एक चूक. लावला असं लिहून देणं ही दुसरी. पहिली तुमची आहे. दुसरी तुम्ही माझ्या सहीने करताय. छत्तीस गुण घेऊन ही मुलं पुढे जातील तिथे पहिल्या दिवशी कुणीतरी त्यांना मशिनासमोर बसवेल. तेव्हा तुम्ही नसाल तिथे. मीही नसेन. त्यांना वाटेल, आपल्यालाच येत नाही. आपणच ढ."

"आणि नापास झाली तर काय वाटेल?"

"तेही तेच वाटेल. म्हणून म्हणते, किल्ली द्या."

बोर्डाला दिलेल्या कागदांवर परीक्षक म्हणून तिचंच नाव होतं. दहा दिवसांचं ते प्रमाणपत्र शाळेत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. हे दोघांनाही माहीत होतं, आणि बोलून दाखवायची पाळी कुणावर येते याचीच दोघं वाट बघत होते. शेवटी त्यांनी खण उघडला. "काही मोडलं तर तुमच्या नावावर लिहीन," ते म्हणाले.

"लिहा."

खोलीत दमट प्लास्टिकचा वास होता. मशिनांवर कारखान्यातल्या पिशव्या पुन्हा चढवून ठेवलेल्या होत्या. शिपायाने आणि तिने मिळून त्या काढल्या. वीसपैकी अकरा सुरू झाली. मुलं दारात थबकली, चपला काढून रांगेने आत आली, आणि खुर्च्यांवर हात मांडीत धरून बसली, दवाखान्यात बसतात तशी. तिने सांगितलं, वह्या उघडा, आपण क्रम लावायचं जे लिहिलंय तेच टाइप करा. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, पाऊण तास लागला. मागच्या रांगेतली एक मुलगी, जिला सगळे नर्सबाई म्हणायचे कारण तिला तेच व्हायचं होतं आणि ती ते पहिलीपासून सांगत आली होती, कळांवर बोट ठेवायलाच तयार नव्हती. "बाई, मी तोंडी सांगते," ती म्हणाली. "मला पाठ आहे." आणि तिने खरंच घडाघडा सांगितलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एक शब्द न चुकता. "छान," बाई म्हणाल्या, "आता ते लिही." मुलीने मान हलवली. "मोडलं तर?"

पहिल्या मशिनावर टाइप करून झालं. चष्मेवाल्या एका मुलीने कळ दाबली. पडद्यावर संख्या सरकल्या, क्रमाने लागल्या आणि मशीन थांबेना. क्रम लागलेला होता, तरी ते पुन्हा बघत होतं, पुन्हा बघत होतं. दुसऱ्या मशिनावर तेच. तिसऱ्यावर तेच. मुलं तिच्याकडे बघायला लागली. मशीन बिघडलं असेल, ती म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं की मशीन बिघडलेलं नाही. तिने चष्मा पुसला आणि स्वतःच्या वहीतला प्रोग्राम पहिल्यापासून वाचला. एक फेरी अदलाबदलीशिवाय गेली की मशिनाने थांबायचं, म्हणून प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला 'अदलाबदल झालेली नाही' असं नव्याने लिहायला हवं होतं. ती ओळ तिने एकदाच, अगदी वर लिहिली होती. एकदा अदलाबदल झाली की ती झालीच, कायमची. फळ्यावर ती थांबायची कारण क्रम लागलेला तिच्या डोळ्यांना दिसायचा. पटांगणात मुलं थांबायची कारण त्यांना दिसायचं. मशिनाला डोळे नव्हते. वर्षभर तिने चौसष्ट मुलांकडून चुकीचं पाठ करून घेतलं होतं, आणि नर्सबाईने एक शब्द न चुकता म्हणून दाखवलं होतं ते सगळं चूक होतं.

ओट्याशी उभं राहून सोडवलेल्या त्या वह्या, ज्यांच्या जोरावर ती मनातल्या मनात सगळ्यांपेक्षा उंच उभी होती, त्यांतही असं काही असेल का? कधी कळलंच नसतं. त्या चालवून बघायला तिला कुणी नेलं नव्हतं. चूक होणं हासुद्धा एक हक्क असतो आणि तो तिच्यापर्यंत आलाच नव्हता. आणि तिने काय केलं, तर नसलेल्या वस्तूचं कौतुक केलं. खडूचा कॉम्प्युटर. अभिमान. कुलपाला बाहेरून हार घातल्यासारखं.

"बाई," चष्मेवाली म्हणाली, "ही ओळ आत घेऊन बघू?"

"बघ."

तिने ओळ आत घेतली. मशीन थांबलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि बाई स्वतः फळ्याकडे गेल्या आणि त्यांनी तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं: बाईंचं चुकलं होतं. मग खाली बरोबर ओळ लिहिली.

तीन दिवस ती खोली सकाळपासून दिवे लागायच्या वेळेपर्यंत उघडी राहिली. मुलं भांडली, रडली, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घातले, दोन कळा निघाल्या आणि पुन्हा बसवल्या. रविवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धाकट्याचा फोन वाजत होता.

"ताई, वाचलं मी तुमच्याकडचं. संगणक सक्तीचा केला म्हणे. उत्तमच झालं. आपल्या वेळी असतं ना असं."

"आपल्या वेळी असतं तर तुझ्या वह्या तुला लिहाव्या लागल्या असत्या."

पलीकडून तो अडखळत हसला. "तू अजून ते धरून बसलीस होय?"

"हो," ती म्हणाली. "धरून बसले." एवढंच. फोन वडलांच्या हातात देऊन ती आत गेली. तिला हलकं वाटेल अशी तिची कल्पना होती. नाही वाटलं. पण बोललेलं परत घ्यावंसंही वाटलं नाही.

सोमवारी त्रेसष्ट मुलांचं प्रात्यक्षिक झालं. पास व्हायला चौदा हवे होते. एक्केचाळीस मुलं पास झाली, बावीस नाही. चष्मेवालीला चौतीस. नर्सबाईला अकरा; ती शेवटच्या दिवशी कळांना हात लावायला लागली होती आणि परीक्षेत अर्ध्यात अडकून, पडद्याकडे बघत, हुंदका न देता बसून राहिली होती. त्या तीन गुणांपाशी तिचं पेन कितीतरी वेळ थांबलं. तीन गुण कुठेही सापडले असते. मग तिने नव्या यादीत अकरा लिहिले, सदतिसाव्या ओळीत 'शाळा सोडली' असं लिहिलं, सही केली, आणि वेगळ्या कागदावर बोर्डाला पत्र लिहिलं की वर्षभर या मुलांना यंत्रांवर दोनच तास मिळाले, सराव शेवटच्या तीन दिवसांत झाला, म्हणून फेरपरीक्षा लवकर घ्यावी. मुख्याध्यापकांनी दोन्ही वाचलं. पत्रावर आपली सही करताना ते म्हणाले, "याचं उत्तर मला द्यावं लागेल, तुम्हाला नाही."

"हो," ती म्हणाली.

फेरपरीक्षेची तारीख दोन महिन्यांनंतरची लागली. ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी चौथ्या तासाला ती खोलीत एकटी होती. नर्सबाई दारात आली. चपला न काढता आत आली.

"बाई, आधी सगळ्यांना छत्तीस मिळणार होते म्हणे."

"कुणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसातूनच कळलं. यादी तयार होती. तुम्ही मध्ये पडलात." तिच्या आवाजात रडू नव्हतं. नुसता राग होता. "नर्सिंगला अर्ज द्यायची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. दाखल्याशिवाय घेत नाहीत. फेरपरीक्षेचा निकाल लागेपर्यंत जागा भरतात. माझं एक वर्ष गेलं. मला कॉम्प्युटर नको होता. मला सुया द्यायच्या होत्या लोकांना."

"हो."

"तुम्हाला काय गेलं?"

पुष्कळ उत्तरं होती. हॉस्पिटलातसुद्धा आता सगळं मशिनावरच असतं, हे होतं. छत्तीस गुणांनी तुझं काय झालं असतं, हेही होतं. स्वतःची सगळी हकिगत होती. तिला त्यांतलं एकही तोंडातून काढवेना, कारण मुलगी म्हणत होती ते खरं होतं. वर्ष तिचं गेलं होतं, आणि ते घालवणाऱ्यांत कुलूप लावणारा होता, यादी करणारा होता, आणि तीही होती. "माझं काही गेलं नाही," ती म्हणाली. "तुझं गेलं. तू चिडलीस ते बरोबर आहे."

मुलीला भांडण हवं होतं आणि समोरून ते मिळालं नव्हतं. मग तिने कोपऱ्यातली खुर्ची ओढली, अशी की पायांचा फरशीवर कर्कश आवाज झाला, मशिनासमोर धाडकन बसली आणि मागे न बघता म्हणाली, "सुरू कसं करायचं ते पुन्हा सांगा."

तिने सांगितलं. मुलीने बटण दाबलं, पडदा उजळायच्या आतच कळांवर बोटं ठेवली, आणि टाइप करायला लागली. रागारागाने, एकेक कळ ठोकत, मोडली तर मोडू दे अशी. दोन ओळींनंतर चुकलं. तिने ते खोडलं आणि पुन्हा ठोकलं. बाई तिच्या मागे खुर्ची घेऊन बघत बसल्या.